गरी, सुंभ, तंगूस

नॉर्वेतल्या योविक या गावाचे नाव मालवण, वेंगुर्ले, हर्णै किंवा अलिबागच्या बाजारात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. तरीही त्या गावाजवळच्या कारखान्यातला माल कोकणच्या बंदराबंदरांवर विकला जात होता. हातात मावेल एवढे पुठ्ठ्याचे खोके, त्यावर चावीचे चित्र आणि आत कागदात गुंडाळलेल्या शंभर गऱ्या, म्हणजे मासे धरायचे गळ. दुकानदार खोके उघडून हव्या तेवढ्या गऱ्या मोजून देई. दोन-चार गऱ्या घेणारे गिऱ्हाईकही परत पाठवले जात नसे. त्या कागदाच्या पुडीत जगाच्या दुसऱ्या टोकाची पोलादी तार असे, आणि ती संध्याकाळी कर्लीच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीत पडे.

ही कंपनी म्हणजे मस्टॅड. 1832 साली योविकजवळ ती सुरू झाली तेव्हा तिथे तार ओढत आणि खिळे करत. मथियस टॉप नावाच्या कारागिराने गळ बनवणारे यंत्र तयार केले आणि 1877 पासून तिथे गळ होऊ लागले. त्याआधी गळांच्या व्यापारावर इंग्लंडमधल्या रेडिच या गावाचा वरचष्मा होता. रेडिच शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. ज्याला सुई करता येते त्याला गळही करता येतो, कारण दोन्हींना तीच तार लागते, तेच टोक काढायचे असते आणि पोलादाला पाणी देण्याचे कसबही तेच. यंत्र आल्यावर नॉर्वेचा गळ स्वस्त झाला आणि एकसारखा निघू लागला. पुढे मस्टॅड हे कंपनीचे नाव आहे हे विसरून चांगल्या गरीला सरसकट मस्टॅडच म्हणणारे लोक कोकणात तयार झाले.

गरीच्या नंबराचे गणित नव्या माणसाला गोंधळात टाकते. एकपासून पुढे नंबर वाढत जातो तशी गरी लहान होत जाते. बारा नंबरची गरी चार नंबरच्या गरीपेक्षा बारीक असते. एकाच्या अलीकडे मात्र शून्याची वेगळी मालिका लागते. तिथे एक शून्य, दोन शून्य, पाच शून्य असा आकडा चढतो आणि गरीही मोठी होते. जुन्या दुकानात हे गणित कुणी शिकवत बसत नसे. दुकानदार दोन गऱ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवी आणि गिऱ्हाईक बोटाने दाखवी.

त्याआधी मात्र एक प्रश्न हटकून येई. पोरगा फळीशी येऊन म्हणे, "काकानू, गरी व्हयी." काका खोक्याला हात लावण्याआधी विचारत, "खंय गरवतलस?"

कुठे गळ टाकणार, या प्रश्नात जुन्या दुकानाची सगळी विद्या होती. खडपावर बसून तांबोशीसाठी दोर टाकायचा, तर गरी जाड तारेची हवी आणि दोर खडकावर घासला तरी न तुटणारा. खाडीच्या चिखलात शिंगाळ्यासाठी बसायचे, तर शिसे जड घ्यावे लागते, नाहीतर ओहोटीचे पाणी दोर ओढून नेते. काळुंद्राचे तोंड लहान, त्याला बारीक गरी. जिताड्याला जिवंत कोलंबी लावायची, ती गरीवर मरता कामा नये, म्हणून तार बारीक पण कणखर पाहिजे. सुरमईचे दात दोर कापतात, तिथे गरीच्या वर वीतभर तारेचा तुकडा जोडावा लागतो. दुकानदार स्वतः मासे धरत असेल किंवा नसेल, पण गावातल्या प्रत्येक पाण्यावर कोण जातो, काय आणतो आणि काय तुटून परत येते, हे त्याच्या कानावर रोज पडत असे. ती माहिती कुठल्याही खोक्यावर छापलेली नव्हती. योविकच्या गळाला कोकणच्या खाडीत उतरवण्याचे काम ही दुकाने करत होती, आणि त्यांचे खरे मोल तेच होते.

निव्वळ गळांचे दुकान म्हणून कोकणात पाटी फार क्वचित दिसे. बहुतेक ठिकाणी हे सामान किराणा-भुसाराच्या किंवा लोखंडी सामानाच्या दुकानात एका बाजूला असायचे. दारातच सुंभाची वेटोळी रचलेली. आत डांबराचे पिंप, राळेचे खडे, होडीसाठी तांब्याचे खिळे, कंदिलाच्या काचा, पेट्रोमॅक्सची मँटल, शिशाच्या लगडी आणि सुताच्या गुंड्या. डांबर, काथ्या आणि रॉकेल यांचा मिळून जो वास येई, तो ज्यांनी लहानपणी घेतला आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. मुंबईत याच मालाची मोठी पेठ नागदेवीच्या बाजूला. दोरखंड, हार्डवेअर, साखळ्या, कप्प्या असा जाडजूड माल तिथल्या गल्ल्यांमधून किनाऱ्यावर जाई. ससून डॉक 1875 मध्ये बांधला गेला आणि पुढे तो मासळीचा मोठा धक्का झाला. तिथल्या बोटींची गरज वेगळी होती, मालाचे मापही मोठे होते. पण वर्सोव्याचा कोळी आणि वेंगुर्ल्याचा गाबीत दोघांनाही शेवटी दोर, शिसे आणि तरंगणारी वस्तू हेच लागे.

नायलॉन येण्याआधी जाळे विकत मिळत नसे, मिळत असे ते जाळ्याचे सूत. ताग आणि कापूस ही दोन मुख्य द्रव्ये. तागाचा धागा घरोघर काढत, पीळ देत, आणि लाकडी सुई व मापाची पट्टी घेऊन जाळे विणत. पट्टीची रुंदी ठरली की आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, आकार ठरला. कुठल्या माशासाठी कुठला आस हे घराघरात ठरलेले असे, आणि वडिलांची पट्टी मुलाकडे जाई. पट्टी झिजली तर जाळे बिघडते, म्हणून ती जपून ठेवलेली असायची. उत्तर कोकणातल्या डोल जाळ्याला आस तोंडाशी मोठे आणि शेवटच्या खोल्याकडे बारीक बारीक होत जाणारे, त्यामुळे एका जाळ्यासाठी अनेक मापांचे काम. हे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीत बोंबील, जवळा, कोलंबी आपोआप आत येतात. एकेक खुंट म्हणजे जोडून लांब केलेले लाकूड. ते तळाच्या गाळात रोवण्याची मुंबईच्या कोळ्यांची रीत मत्स्यतज्ज्ञांनाही नवल वाटावी अशी होती. मुंबई प्रांताचे मत्स्यविभागप्रमुख डॉ. एस. बी. सेटना यांनी मुंबईच्या मच्छीमारांच्या कल्पकतेवर 1949 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात स्वतंत्र लेख लिहिला होता.

दक्षिणेला रापणीचा कारभार आणखी निराळा. सिंधुदुर्गात रापण हे एका माणसाचे जाळे नसते. अनेक घरांचे तुकडे जोडून ते लांबच लांब होते, होडीने समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मासळीचे वाटे पडतात. प्रत्येक घराने आपला तुकडा नीट ठेवायचा, कारण एका तुकड्याला भोक पडले तर नुकसान सगळ्यांचे. त्यामुळे दुकानात सूत घ्यायला येणारा माणूस एकट्यासाठी येत नसे. मागच्या खेपेला ज्या जाडीचे सूत घेतले तेच पुन्हा हवे, नाहीतर जोड जुळत नाही, आणि ती जाडी दुकानदाराच्या वहीत किंवा लक्षात असे.

सुती आणि तागाचे जाळे कुजते. समुद्राच्या पाण्यातून निघाले की त्याला वाळवणे भाग, आणि वाळवूनही ते टिकावे म्हणून काही दिवसांच्या अंतराने त्याला कढ द्यावा लागे. ऐनाची साल किंवा काथ मोठ्या भांड्यात उकळायचा आणि त्या लालसर पाण्यात जाळे बुडवून ठेवायचे. सालीतले टॅनिन धाग्यात मुरते आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना अटकाव करते. म्हणून जुन्या छायाचित्रांतली आणि चित्रांतली वाळत घातलेली जाळी तांबूस-तपकिरी दिसतात. काही दोरांना डांबर लावत. साल आणणे, फोडणे, उकळणे, जाळे वाहून नेणे, पसरणे आणि फाटलेले तुणणे यांत कुटुंबातल्या सगळ्यांचे हात लागत. मासेमारीचा जितका वेळ समुद्रात जाई, तितकाच किंवा त्याहून जास्त वेळ अंगणात जाई. जुन्या साधनांची आठवण काढताना हा कष्टाचा भाग गाळून चालणार नाही.

तरंगण्यासाठी भेंड किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड, कुठे वाळलेले भोपळे. बुडण्यासाठी शिसे. पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, कडेला ओवलेल्या शिशाच्या मण्यांचा फेक झाल्यावर पाण्यावर जो एकदम फुटणारा आवाज येतो, त्यावरून फेक गोल पडली की वेडीवाकडी, हे जाणता माणूस न बघता सांगे. शिसे दुकानातून लगडीने येई आणि घरी वितळवून ओतले जाई. गळ टाकणारी मुले तर ओल्या वाळूत बोट खुपसून खळगा करत, त्यात वितळलेले शिसे ओतत आणि वर तारेचे कडे खोचून देत. असे शिसे ओबडधोबड असे, पण वाळूत बोट किती खोल घालायचे हे त्या मुलाला आपल्या खाडीच्या ओढीवरून कळलेले असे.

काठीसाठी दुकानात जावेच लागत नसे. सिंधुदुर्गाच्या कुंपणांवर माणगा नावाचा बांबू होतो. त्याला काटे नसतात आणि तो जवळजवळ भरीव असतो. पेरे सरळ, टोकाकडे निमुळता, वाकला तरी सहसा मोडत नाही. आज फर्निचर आणि हस्तकलेसाठी त्याची लागवड वाढते आहे, पण गरवणाऱ्या पिढ्यांनी त्याचा गुण आधीच ओळखला होता.

बांबूच्या काठीचा एक मोठा इतिहास आपल्याच देशातून गेलेला आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या चिरून, त्यांना त्रिकोणी तासून, सहा पट्ट्या एकत्र चिकटवून गळाच्या काठ्या करण्याची कला वाढली. त्या काठ्यांचा आरंभीचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई, म्हणून त्याला तिकडे कलकत्ता केन म्हणत. हा बांबू म्हणजे आपल्या विदर्भाच्या जंगलात मानवेल म्हणून ओळखली जाणारी जात. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. पण काही दशके इंग्लंड-अमेरिकेतल्या नदीकाठी बसलेल्या हौशी माणसाच्या हातात हिंदुस्थानी बांबू होता, आणि त्याच सुमारास हिंदुस्थानातला इंग्रज अधिकारी विलायतेहून पेटी भरून काठ्या मागवत होता.

त्या अधिकाऱ्यांतला हेन्री सलिव्हन थॉमस हा दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर. त्याचे हिंदुस्थानातल्या गळटाकीवरचे पुस्तक 1873 मध्ये मंगळूरला निघाले. महाशीर मासा त्याच्या आवडीचा. थॉमसच्या काळात गरीला जोडायचा शेवटचा बारीक, पाण्यात न दिसणारा धागा रेशमाच्या किड्यापासून काढत. कोश विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवायचा, त्याची रेशीमग्रंथी बाहेर काढून हाताने ताणायची, की हातभर लांबीचा पारदर्शक तंतू मिळे. स्पेनमधला मुर्सिया प्रांत या धंद्यासाठी नावाजलेला होता. हा तंतू कोरडा असताना ठिसूळ, म्हणून वापरण्याआधी भिजवून ठेवावा लागे. तुकडे आखूड असल्याने ते गाठी मारून जोडत.

महाशीराचे नाते महाराष्ट्राशी फार जुने आहे. कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची पाहणी करून 1839 च्या सुमारास ज्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, त्या जातीचे शास्त्रीय नाव आजही खुद्री असेच आहे आणि तिचा पहिला नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. पुढे पवईच्या तलावावर हौशी लोकांनी आपला अड्डा केला. हा तलाव 1891 मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधला, पण ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही. 1936 मध्ये तिथे बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन स्थापन झाली. तीच आजची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन. 1948 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅकडोनल्ड यांचे महाशीर पकडण्यावरचे पुस्तक काढले. या मंडळींचे सामान कोकणातल्या किराण्याच्या दुकानात मिळणारे नव्हते. पितळेची चक्री, रेशमी दोर, पिसे बांधून केलेली खोटी माशी, चमच्याच्या आकाराचे चकाकते पत्रे हे सगळे विलायती.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि विलायती चक्री ही परदेशी जाणाऱ्या माणसाकडून मागवायची वस्तू झाली. कोकणातले हजारो लोक आगबोटींवर नोकरीला होते. ते सुट्टीवर येताना काय काय आणत, त्यात कधी एखादी स्वीडनची किंवा जपानची चक्रीही असे, पुढे आखाती देशांतून येणाऱ्यांकडूनही. अशी चक्री बिघडली तर सुटा भाग मिळत नसे. मग घड्याळजी, सायकलवाला किंवा लेथवर काम करणारा कारागीर पितळेचा दाता कापून देई. आजही त्या काळची चक्री कुणाच्या माळ्यावर सापडली तर तिच्यात मूळ भाग किती आणि इथल्या कारागिराने घडवलेले किती, हे बारकाईने पाहण्यासारखे असते. मूळ कंपनीच्या कारागिरीइतकाच या दुरुस्तीचाही मान राखला पाहिजे.

चक्री सगळ्यांच्या नशिबी नव्हती. बहुतेकांचा दोर लाकडाच्या तुकड्यावर, पुढे पत्र्याच्या डब्यावर किंवा बाटलीवर गुंडाळलेला असे. डोक्यावर दोन-तीन वेढे फिरवून दोर सोडायचा आणि डब्याचे तोंड पाण्याकडे धरायचे, की दोर सुरसुरत निघून जातो. या पद्धतीने जेट्टीवरून अगदी दूरवर गरी टाकणारी माणसे आजही दिसतात.

मग तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, आला. नायलॉनचा शोध अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये लागला, 1938 मध्ये त्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभरच्या मासेमारीत शिरला. भारतात या बदलाला सरकारी प्रयत्नांचीही जोड होती. ऑक्टोबर 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळमधल्या नीण्डकरा भागात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक होड्या आणि नवी जाळी यांचे प्रयोग तिथे झाले. 1957 मध्ये कोचीला मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था उभी राहिली आणि कुठला कृत्रिम धागा कुठल्या जाळ्याला योग्य याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. महाराष्ट्रात आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहाने नायलॉनमध्ये पाऊल टाकले. 1976 मध्ये गरवारे वॉल रोप्स ही कंपनी निघाली आणि पुणे व वाईच्या कारखान्यांतले दोर आणि जाळी देशभरच्या बंदरांवर दिसू लागली. 2018 पासून तिचे नाव गरवारे टेक्निकल फायबर्स आहे. कृष्णाकाठच्या वाईत समुद्राची जाळी विणली जातात, हे अनेक वाईकरांनाही सांगितल्यावर नवल वाटते.

दुकानदाराला आता नवी विद्या शिकावी लागली. नायलॉन पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे ते सावकाश बुडते. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके, ते तरंगतात. तळाशी लावायच्या जाळ्याला तरंगता दोर दिला तर शिसे वाढवावे लागते. वरच्या पाण्यात सोडायच्या जाळ्याचे गणित उलटे. नायलॉन ताणले जाते, म्हणून मोठा मासा आदळला तरी धागा झटका सोसतो. जे जुने दुकानदार सुताच्या स्पर्शावरून जाडी सांगत, त्यांनी हे थोड्याच वर्षांत आत्मसात केले. तंगूस काही ठिकाणी वजनावर मिळे, काही ठिकाणी लच्छीने. गिऱ्हाईक त्याचे टोक दोन्ही हातांना गुंडाळून झटका देऊन बघे आणि दुकानदार ते बघू देई.

या बदलाने कोळी कुटुंबांवरचे केवढे ओझे उतरले, हे स्पष्ट लिहायला हवे. सालीचा कढ संपला. रोजचे वाळवणे संपले. भिजून जड झालेले जाळे ओढताना होणारी दमछाक कमी झाली. आज दर वर्षी 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, तेव्हा कोळीवाड्यात जाळी तुणायला घेतात. हे काम अजूनही हाताचेच आहे. पण पूर्वीचे बारमाही कष्ट आणि आताची हंगामी दुरुस्ती यांत फार मोठे अंतर आहे. नारळी पौर्णिमेच्या आधीचे आठवडे हे दुकानांचे खऱ्या कमाईचे दिवस, तेव्हाही आणि आताही.

उधारीचा विषय मात्र नाजूक आहे. पावसाळ्यात हातात पैसा नसतो आणि त्याच वेळी सगळे सामान घ्यायचे असते. दुकानदार वहीत लिहून माल देई आणि हंगाम सुरू झाल्यावर फेड होई. जिथे दुकानदार नुसता दुकानदार होता तिथे हा व्यवहार माणुसकीचा ठरला. जिथे सामान देणारा आणि मासळी विकत घेणारा व्यापारी एकच होता, तिथे मासळीचा भाव तोच ठरवी आणि कुटुंबे वर्षानुवर्षे त्या वहीतून सुटत नसत. मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्यामागे हेही एक कारण होते. संस्थांनी सूत, नायलॉन आणि डिझेल सभासदांना पुरवले, आणि लहान मच्छीमारांना साधनांच्या खरेदीवर सरकारी अर्थसाहाय्य मिळू लागले. जुन्या दुकानांबद्दल जिव्हाळ्याने लिहिताना त्या वह्यांची ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

दुकाने मागे पडली ती एका कारणाने नाही. यंत्रावर विणलेले तयार जाळे मिळू लागल्यावर सुताच्या गुंड्या पडून राहिल्या. मोठ्या बोटींचा माल थेट घाऊक व्यापाऱ्यांकडून किंवा संस्थेकडून येऊ लागला. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या स्पर्धेत रापण आणि पाग यांचे उत्पन्न घटले. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. खाड्यांत सांडपाणी आणि गाळ आला तसे गरवणारेही कमी झाले. ज्या खाडीत मासाच उरला नाही, तिच्यासाठी कुठली गरी हे सांगणाऱ्याकडे कोण जाणार? दुकानाचे आयुष्य पाण्याच्या आयुष्याशी बांधलेले होते.

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, गोवा आणि सिंधुदुर्गातली तरुण मुले हौसेने गळ टाकू लागली आहेत. कार्बनच्या हलक्या काठ्या, वेणीसारखे गुंफलेले दोर, रबराचे रंगीत मासे त्यांना घरबसल्या मिळतात. त्यांतले बरेच जण मासा पकडून, फोटो काढून परत पाण्यात सोडतात. मासा टिकवण्याचे हे काम जुने आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि डॉ. एस. एन. ओगले यांच्या पिढीने 1970 च्या दशकात महाशीराची कृत्रिम पैदास करून दाखवली. पन्नास वर्षांनी, 2020 मध्ये, निळ्या पराचा महाशीर, म्हणजे साइक्सने वर्णन केलेली तीच खुद्री जात, धोक्यात नसलेल्या जातींत गणला गेला. हौशी माणसांनी या कामाला साथ दिली आहे, आणि नव्या मुलांकडूनही तीच अपेक्षा ठेवता येते. सामानाची त्यांना वाण नाही. आपल्या पाण्याची माहिती देणारे जाणते माणूस मात्र घरपोच येत नाही.

तंगूसाचा गुणच त्याचा दोष झाला आहे. तो कुजत नाही. खडकात अडकून तुटलेला दोर किंवा वाहून गेलेले जाळे वर्षानुवर्षे समुद्रात मासे, खेकडे आणि कासवे मारत राहते, आणि ते वर काढायला कुणी नसते. ऑलिव्ह रिडले कासवे कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. जाळ्यात अडकलेले कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी मच्छीमाराने आपले जाळे कापले, तर त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने 2018 च्या अखेरीस सुरू केली. ही योजना फार मोलाची आहे. पण तुटलेल्या तंगूसाचा तुकडा किनाऱ्यावर टाकायचा नाही, घरी आणायचा, एवढे तर विनायोजना करता येईल.

इंग्लंडमधल्या रेडिचला सुया आणि गळांचा धंदा बसला तेव्हा तिथल्या लोकांनी जुनी गिरणी जपली आणि 1983 मध्ये तिचे संग्रहालय केले. गळ करण्याची हत्यारे तिथे आज पाहता येतात. आपल्याकडे शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, आणि डोलीच्या आसाची पट्टी, भेंडाचे बोये, ऐनाच्या सालीत रंगवलेला जाळ्याचा तुकडा किंवा पागाच्या शिशाचे मणी एका ठिकाणी नीट मांडलेले, नावगावासह नोंदवलेले पाहायचे म्हटले तर शोधत फिरावे लागते. बहुतेक वस्तू माळ्यावर आहेत किंवा भंगारात गेल्या. शिसे तर वजनावर विकले जातेच.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी, आजोळी किंवा शेजारी जुने जाळे, पट्टी, सुई, चक्री, गऱ्यांचे खोके किंवा दुकानाची जुनी वही असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत ती बाहेर काढा. फोटो घ्या. वस्तूला घरात काय म्हणतात, ती कुणी केली, कुठल्या पाण्यात आणि कुठल्या माशासाठी वापरली, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद वस्तूलाच बांधून ठेवा. जवळच्या वाचनालयाला, शाळेला किंवा मच्छीमार संस्थेला एक कपाट त्यासाठी मागा. जिथे असे जुने दुकान अजून उघडे असेल, तिथून पुढची गरी विकत घ्या आणि कुठे गरवणार हे दुकानदाराला सांगा.